छुसॉकच्या सुट्टीतले डेजॉन

२०२५ सालच्या छुसॉकची सुट्टी कोरियात सगळ्यांनाच नेहमीपेक्षा लांब लाभली. छुसॉक हा आठव्या चांद्रमासातल्या पौर्णिमेचा सण असून त्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशीही सार्वजनिक सुट्टी असते. यंदा ती पौर्णिमा ६ ऑक्टोबरला, सोमवारी आली. ३ ऑक्टोबरचा राष्ट्रस्थापना दिन शुक्रवारी होता, ५ तारीख रविवारी आल्यामुळे तिची बदली सुट्टी ८ तारखेला मिळाली आणि ९ ऑक्टोबरला हांगुल लिपीचा दिवस होता. हे सगळे जोडून आल्याने देश सलग सात दिवस सुट्टीवर होता आणि ज्यांना १० तारखेची रजा मिळाली त्यांच्या पदरात दहा दिवस पडले. इथल्या पंचांगात यंदा अधिक महिना होता आणि आपल्याकडे तो नव्हता, त्यामुळे एरवी बहुधा भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येणारा छुसॉक या वेळी नेमका कोजागरीला आला.

मी नवरा आणि मुलीसह डेजॉनच्या युसॉंग भागात, संशोधन संस्थांच्या वस्तीत राहते. एरवी हे शहर परक्या माणसाला फार सोयीचे आहे. दवाखाना, औषधांचे दुकान, बँक, भाजी, सगळे पायी जाण्याच्या अंतरावर असते आणि रात्री उशिरा मागवलेली वस्तू पहाटे दाराशी येऊन पडते. पण या सोयी माणसे चालवतात आणि छुसॉकला ती माणसे एकाच वेळी आपापल्या गावी जातात. ज्याचे गाव इथे आहे त्याला ही सुट्टी घराकडे घेऊन जाते, तर ज्याचे गाव इथे नाही त्याला ती आधीपासून उभी करावी लागते. हे मला इथे राहूनच कळले आणि म्हणून सप्टेंबर उजाडला की आमच्या घरी तयारी सुरू होते.

पहिली तयारी कागदपत्रांची असते. इथली बहुतेक कामे मोबाइलवरून होतात, पण प्रत्येक ठिकाणी ओळख पटवण्याची एक पायरी असते आणि परदेशी माणसाचे गाडे तिथेच अडते. पारपत्रावरचे रोमन अक्षरांतले लांबलचक नाव बँकेत एका क्रमाने, मोबाइल कंपनीत दुसऱ्या क्रमाने आणि एखाद्या ठिकाणी मधली जागा न सोडता नोंदलेले असते. मग आपण आपणच आहोत हे यंत्राला पटत नाही. एरवी मदत केंद्राला फोन केला की कुणीतरी हे निस्तरून देते. सुट्टीत फोन उचलायला कुणी नसते, तेव्हा जे काही नव्याने नोंदवायचे असेल ते आधीच उरकणे शहाणपणाचे. भारतात पैसे पाठवायचे असतील तर यंदा १ ऑक्टोबर हाच हिशेबाचा दिवस होता, कारण २ तारखेला गांधी जयंती आणि दसरा एकत्र आल्याने तिकडच्या बँका बंद होत्या आणि ३ तारखेपासून इकडच्या.

त्यातच २६ सप्टेंबरच्या रात्री आमच्या युसॉंगमधल्याच राष्ट्रीय माहिती केंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी संगणकीय सेवा थांबल्या. मोबाइलमधले ओळखपत्र, ऑनलाइन दाखले, टपालखात्याचे व्यवहार, सगळ्यांना त्याचा फटका बसला. सेवा टप्प्याटप्प्याने सुरू होत होत्या, तरी सुट्टी लागली तेव्हाही सगळे पूर्ववत झालेले नव्हते. मुलीच्या शाळेसाठी लागणारा वास्तव्याचा दाखला मी सप्टेंबरच्या मध्यातच काढून ठेवला होता, त्यामुळे आमचे काम अडले नाही. मात्र आमच्या इमारतीतल्या एका व्हिएतनामी जोडप्याला घराचा करार बदलायचा होता आणि त्यांची त्या आठवड्यातली घालमेल मी जवळून पाहिली. खिशात छापील कागद असणे किती गरजेचे आहे हे त्या दिवसांत इथल्या लोकांनाही जाणवले असेल, पण भाषा पुरती न येणाऱ्याला तो कागद म्हणजे मोठाच आधार असतो.

दुसरी तयारी घरातली. सुट्टीतल्या ठरावीक दिवशी कचरा उचलला जात नाही. त्याचा तक्ता आधी जाहीर होतो आणि इमारतीच्या दाराशी चिकटवलेला असतो. तो वाचून ओला कचरा वेळेवर बाहेर गेला नाही तर घरात राहणे नकोसे होते. प्रत्यक्ष सणाच्या दिवशी बरेचसे मोठे मार्ट बंद असतात. कोपऱ्यावरची चोवीस तास चालणारी छोटी दुकाने मात्र उघडी राहतात आणि त्यांना ठरवून दिलेली मोजकी औषधे विकायचीही परवानगी आहे. ताप, सर्दी, अपचन, अंगदुखी यांवरची ही औषधे २०१२ पासून तिथे मिळतात, हे नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगते.

भाजी-फळांची खरेदी आम्ही ४ तारखेला केली. युसॉंगचा जुना बाजार दर पाच दिवसांनी, चार आणि नऊ आकड्यांवर संपणाऱ्या तारखांना भरतो; म्हणजे सणाच्या अगदी तोंडावर बाजाराचा दिवस आला होता. एरवी तिथे रमतगमत हिंडता येते, त्या दिवशी मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. सुक्या माशांच्या माळा, खोक्यात एकेक कागदात गुंडाळून ठेवलेली मोठाली नाशपाती, चेस्टनट, सुकी बोरे, भिजवलेल्या नेच्याच्या देठांचे ढीग असा सगळा माल पितरांच्या पूजेच्या हिशेबाने मांडलेला होता. फळे विकणाऱ्या आजीबाई गिऱ्हाइकाला किती हवीत असे न विचारता पूजेला हवीत की घरी खायला, एवढेच विचारत होत्या. पूजेचे फळ आकाराने मोठे आणि डाग नसलेले लागते. घरी खायला म्हटल्यावर त्यांनी मला थोडी ठोकर लागलेली नाशपाती निम्म्या भावात दिली आणि वर मुलीच्या हातात एक सुके बोर ठेवले.

या वेळी आम्हाला जायला एक घर होते. माझ्या प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना मी ऑन्नी, म्हणजे ताई म्हणते. त्यांचे आईवडील गोंगजू गावाबाहेर राहतात. गोंगजू डेजॉनला लागूनच आहे आणि तिथले चेस्टनट साऱ्या देशात नावाजलेले आहेत. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी या, रात्री राहा आणि सकाळची पूजा झाल्यावर जेवून जा, असा निरोप ऑन्नीच्या आईने पाठवला होता. मला संकोच वाटत होता. पितरांची पूजा ही घरच्यांची गोष्ट, तिथे आपण कशाला, असे मनात येत होते. पण ऑन्नीने सांगितले की आईने अंथरुणे उन्हात घालूनही ठेवली आहेत, आणि मग नाही म्हणण्याचा प्रश्न उरला नाही. भेट म्हणून आम्ही फळांची पेटी नेली. संस्थेकडून मिळालेल्या खोक्यात टूना मासे आणि मांसाचे डबे होते; मी शाकाहारी, तेव्हा ते खोके इमारतीच्या पहारेकरी काकांना आधीच देऊन झाले होते.

गोंगजूच्या त्या स्वयंपाकघरात गेलेला दिवस सविस्तर लिहावा असा आहे. ऑन्नीच्या आईला मी ऑमोनिम म्हणत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्रे अंथरून त्यावर विजेचा मोठा तवा मांडलेला होता आणि शेजारी काकडीसारख्या कोवळ्या भोपळ्याच्या चकत्या, टोफूचे काप आणि माशाचे तुकडे वेगवेगळ्या परातींत ठेवलेले होते. हे सगळे मैद्यात घोळवून, अंड्यात बुडवून तव्यावर परततात. मी अंडे खाते पण मासे-मांस खात नाही, हे ऑन्नीने कळवले असावे. ऑमोनिमनी कोऱ्या तव्यावर आधी भोपळा आणि टोफू परतले, माझ्यासाठी ते एका ताटलीत काढून झाकून ठेवले आणि मगच मासे हाती घेतले. त्याबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. परक्या देशात शाकाहारी राहताना आपल्या खाण्याचे स्पष्टीकरण देऊन देऊन जीव थकतो. तिथे ते एकदाही द्यावे लागले नाही.

दुपारी सोंगप्यॉन करायला बसलो. तांदूळ भिजवून गिरणीतून ओलेच दळून आणलेले होते. त्या पिठात कढत पाणी घालत ते मऊसूत मळायचे, लिंबाएवढी गोळी घेऊन तिची वाटी करायची, आत भाजलेल्या तिळांचे आणि साखरेचे सारण, नाहीतर कुस्करलेला चेस्टनट भरायचा आणि कडा मिटून अर्धचंद्र करायचा. पीठ हातात घेताच मला उकडीच्या मोदकाची पारी आठवली आणि बोटे आपोआप वळू लागली. फरक एवढाच की इथे कळ्या पाडायच्या नसतात आणि पारी जाडसर ठेवायची असते. मी सवयीने ती पातळ करत होते, तेव्हा ऑमोनिमनी माझा अंगठा धरून कुठे थांबायचे ते दाखवले, कारण पातळ पारी पाइनच्या पानांवर वाफवताना फुटते. वाफवलेले सोंगप्यॉन गार पाण्यातून काढून त्यांना तिळाचे तेल चोळतात आणि पाइनचा वास त्यांना शेवटपर्यंत राहतो. ज्या बाईचे सोंगप्यॉन सुबक तिला मुलगी देखणी होते, असे इथे म्हणतात. ऑमोनिमनी आमच्या मुलीकडे पाहून तशी मान हलवली.

रश्शासाठी अळकुड्या होत्या. गोंगजूच्या घरात अळकुड्या पाहून झालेला आनंद मला लपवता आला नाही. त्या इथेही खाजतात, म्हणून हातमोजे घालून सोलतात आणि तांदळाच्या धुवणात उकळून घेतात. घरच्यांसाठी गोमांसाच्या पाण्यातला रस्सा शिजत होता. माझ्यासाठी मात्र समुद्री वनस्पतीच्या पाण्यात पेरिलाच्या बियांची पूड घालून वेगळे पातेले चढवलेले होते. सोलता सोलता त्यांनी विचारले, तुमच्याकडे पितरांचे कोण करते? आमचा पितृपक्ष २१ सप्टेंबरलाच संपला, माझे सासरे करतात आणि कावळ्याला घास ठेवतात, असे मी सांगितले. कावळ्याचे त्यांना नवल वाटले. इथल्या पितरांच्या पानात मिरची आणि लसूण घालत नाहीत आणि पीच हे फळ ठेवत नाहीत, हे त्यांनी सांगितले तेव्हा कांदा-लसूण आमच्याकडेही वर्ज्य असतो हे सांगताना मला बरे वाटले.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. या सणात बायकांच्या वाट्याला येणारे काम फार असते आणि त्यावरून घरोघरी ताण होतो, हे इथल्या मैत्रिणी मोकळेपणाने बोलतात. २०२२ च्या सप्टेंबरात सॉंगग्युनग्वान या कन्फ्यूशियन संस्थेच्या समितीने पूजेच्या पानाचा साधा नमुना जाहीर केला आणि तळणीचे पदार्थ मांडलेच पाहिजेत असे नाही, हे स्पष्ट केले. ऑन्नीने ती बातमी तेव्हा आईला वाचून दाखवली होती. त्यानंतर या घरात तव्यावरचे प्रकार निम्म्यावर आले; ऑन्नीचा भाऊ चेस्टनट सोलतो आणि भांडी घासतो. तरीही ऑमोनिम दिवसभर उभ्याच होत्या. आपल्याकडच्या सणांतही मी हेच पाहत आले आहे आणि दोन्हीकडे हे बदलायला हवे असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पूजा झाली. पडद्यापुढे बुटके मेज मांडून त्यावर तांबडी फळे पूर्वेला आणि पांढरी पश्चिमेला, मासे पूर्वेला आणि मांस पश्चिमेला असे सगळे ठरलेल्या जागी ठेवले होते. भाताच्या जागी या दिवशी सोंगप्यॉन असतात. वडिलांनी उदबत्ती लावली, मद्याचा प्याला भरून ठेवला आणि सगळ्यांनी गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लावून दोनदा नमस्कार केला. कित्येक घरांत अजून पुरुषच नमस्कार करतात. या घरात लेकी-सुनाही करतात. आम्ही मागे भिंतीशी उभे होतो. वडिलांनी वळून आमच्या मुलीला, तुलाही करायचा आहे का, असे विचारले आणि तिने ऑन्नीच्या भाचीचे पाहून केला. शेवटी पितरांची नावे लिहिलेला कागद अंगणात जाळला आणि सगळे जेवायला बसले. नंतर घरचे लोक टेकडीवरच्या थडग्यांकडे निघाले, तेव्हा आम्ही निरोप घेतला. तिथे त्यांच्याबरोबर जाणे मला योग्य वाटले नाही आणि त्यांनीही आग्रह केला नाही.

परतीचा रस्ता एरवी तासाभराचाही नाही, पण सणाच्या दिवशी दुपारी सगळा देश रस्त्यावर असतो. ४ ते ७ ऑक्टोबर महामार्गांवर टोल माफ होता, त्यामुळे गाड्यांना अंत नव्हता. घरी पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली.

त्या संध्याकाळी कोजागरी होती. इथल्या काही मराठी घरांनी मिळून गापच्यॉन नदीच्या काठी बसायचे ठरवले होते. नदीकाठी चूल पेटवायला मनाई असल्यामुळे दूध घरीच आटवून, केशर-वेलची घालून थर्मासमध्ये भरून नेले. आभाळ ढगाळ होते आणि चंद्र नीट दिसला नाही, पण मुलांना त्याचे काही नव्हते. आमच्या प्रयोगशाळेतले एक नेपाळी जोडपे कपाळाला तांदूळ आणि दह्याचा मोठा टिळा लावून आले. त्यांच्या दशैंचा, म्हणजे तिकडच्या दसऱ्याच्या सणाचा, तो शेवटचा दिवस होता. त्यांचा एक भाऊ जवळच्या कारखान्यात कामाला आहे. वर्षात सलग एवढी सुट्टी त्याला पहिल्यांदाच मिळाली होती आणि त्यातले पहिले दोन दिवस आपण नुसते झोपून काढले, असे तो सांगत होता. संशोधकाची सुट्टी आणि कारखान्यात उभे राहून काम करणाऱ्याची सुट्टी यांत किती अंतर आहे, हे मला त्याच्या बोलण्यातून समजले.

७ तारखेच्या रात्री मुलीला ताप आला आणि कान दुखू लागला. सुट्टीत कोणता दवाखाना उघडा आहे हे ११९ किंवा १२९ या क्रमांकांवर विचारता येते आणि आरोग्य खात्याच्या आपत्कालीन संकेतस्थळावरही यादी असते. रात्र घरातल्या औषधावर काढून सकाळी आम्ही यादीतल्या बालरोगतज्ज्ञांकडे दार उघडण्याच्या आधी जाऊन उभे राहिलो, तरी पुढे मोठी रांग होती. राष्ट्रीय आरोग्य विमा परदेशी रहिवाशांनाही सक्तीचा असल्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. सुट्टीच्या दिवशी तपासणी आणि औषध देण्याच्या शुल्कावर तीस टक्के अधिभार लागतो, एवढेच. माझ्या पुढे तान्हे बाळ घेऊन एक तरुण व्हिएतनामी आई होती. खालचे औषधांचे दुकान त्या दिवशी एक वाजताच बंद होणार आहे, ही दारावरची चिठ्ठी तिला वाचता आली नव्हती आणि ती तपासणीनंतर आधी घरी जाऊन मग औषध घ्यायच्या विचारात होती. मी तिला थांबवले आणि आम्ही दोघी मिळूनच औषधे घेऊन बाहेर पडलो. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंचे डोळे झोपेअभावी लाल झाले होते, तरी त्यांनी कानाचे चित्र काढून मुलीला सगळे समजावून सांगितले. सगळा देश घरी असताना दवाखान्यात बसणाऱ्या या माणसांबद्दल मला अतिशय आदर वाटतो.

१० तारखेला प्रयोगशाळा उघडली तेव्हा ऑगस्टअखेरीस रुजू झालेला नाशिकचा एक विद्यार्थी भेटला. वसतिगृहाची खाणावळ सुट्टीभर बंद असणार हे सांगणारी सूचना कोरियन भाषेत होती आणि त्याच्यापर्यंत ती पोहोचलीच नव्हती. तो शाकाहारी आहे. भात, केळी आणि ब्रेड यांवर त्याने आठवडा काढला होता आणि आईला फोनवर सगळे ठीक असल्याचे सांगितले होते. हे ऐकून मला फार वाईट वाटले, कारण आम्ही नदीकाठी दूध पीत होतो तिथून त्याची खोली दहा मिनिटांवर होती. जुन्या रहिवाशांनी नव्यांची चौकशी सुट्टीच्या आधीच करायला हवी. पुढचा सॉल्लाल, म्हणजे इथले चांद्र नववर्ष, १७ फेब्रुवारी २०२६ ला, १६ ते १८ सुट्टी आणि खाणावळ बहुधा त्याही वेळी बंद, हे त्याला तेव्हाच सांगून ठेवले आणि ते तीन दिवस जेवायला आमच्याकडे यायचे त्याने कबूल केले.